स्वस्त लघुसंगणक आणि उंची मालाचे उत्पादक

१. प्रश्नाचे स्वरूप

उंची मालाबद्दल ख्याती असलेल्या उत्पादकाने स्वस्त मालाच्या बाजारात उतरावे किंवा नाही, हा प्रश्न व्यापाराइतकाच जुना आहे. उतरावे, तर नावाचे तेज कमी होते आणि स्वतःचाच महाग माल दुकानात पडून राहण्याची भीती असते; न उतरावे, तर आज खालच्या पायरीवर उभा असलेला प्रतिस्पर्धी उद्या वरच्या पायरीवर येऊन बसतो. संगणकाच्या क्षेत्रात हा पेच २००७ ते २०१२ या काळात विशेष तीव्रतेने उभा राहिला. त्या काळी ‘नेटबुक’ या नावाने ओळखला जाणारा लहान व स्वस्त लॅपटॉप बाजारात आला, काही कोटींच्या संख्येने विकला गेला आणि पाचसहा वर्षांच्या आत नाहीसाही झाला. त्याचा उदय आणि अस्त दोन्ही आज पूर्ण झालेले असल्यामुळे, तेव्हा केवळ तर्काने लढविले गेलेले वाद आता घडलेल्या गोष्टींच्या कसोटीवर घासून पाहता येतात.

या प्रश्नाची चर्चा सामान्यतः किमतीच्या अंगाने केली जाते. ती अप्रस्तुत आहे असे नाही. परंतु किंमत हे या प्रश्नाचे बाह्यांग होय. कोणतीही वस्तू स्वस्त करावयाची म्हणजे तिच्यातून काही ना काही गाळावेच लागते. काय गाळावयाचे आणि काय राखावयाचे, याचा निर्णय कोणाच्या हाती आहे, हा या प्रश्नाचा गाभा आहे. ज्या उत्पादकाच्या हाती हा निर्णय राहिला त्याला खालच्या किमतीस उतरणे साधले; ज्याच्या हाती तो राहिला नाही, त्याचे वैशिष्ट्य केवळ वेष्टनापुरते उरले. नेटबुकच्या इतिहासाचे तात्पर्य थोडक्यात हे आहे.

२. नेटबुकचा जन्म

नेटबुकच्या आधी एक शैक्षणिक प्रयोग झाला, त्याची दखल प्रथम घेणे अवश्य आहे. निकोलस निग्रोपाँटे यांनी २००५ मध्ये विकसनशील देशांतील मुलांसाठी शंभर डॉलरांचा लॅपटॉप करण्याची योजना जाहीर केली. ‘प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप’ या अर्थाच्या नावाने ती ओळखली गेली. तिचे ‘एक्सओ’ नावाचे यंत्र २००७ च्या अखेरीस कारखान्यातून बाहेर पडू लागले, तेव्हा त्याची किंमत शंभर डॉलरांवर न राहता सुमारे १८८ डॉलरांपर्यंत गेली होती. भारत सरकारच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने ही योजना २००६ मध्ये नाकारली. तथापि २००७ मध्ये महाराष्ट्रात, रायगड जिल्ह्यातील एका लहान वस्तीच्या शाळेत, तिचा प्रयोग झाला.

एक्सओ हे यंत्र दुकानात विकण्यासाठी नव्हते. परंतु लहान, हलका आणि स्वस्त लॅपटॉप करता येतो, ही कल्पना त्याने रूढ केली. तैवानमधील असूस या कंपनीने २००७ च्या जूनमध्ये ‘ई पीसी’ हे आपले यंत्र जाहीर केले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये ते विक्रीस आणले. सात इंचांचा पडदा, ५१२ मेगाबाइट मेमरी, हार्ड डिस्कऐवजी चार गिगाबाइटची फ्लॅश साठवण, लिनक्स ही विनामूल्य ऑपरेटिंग सिस्टीम आणि एक किलोग्रॅमहूनही कमी वजन, असे त्याचे स्वरूप होते. अमेरिकेत त्याची किंमत सुमारे ४०० डॉलर होती. हे यंत्र गरीब देशांतील मुलांपेक्षा सुखवस्तू देशांतील प्रौढांनीच अधिक उचलले. घरी एक संगणक असताना प्रवासात, वर्गात किंवा अंथरुणावर वापरण्यासाठी दुसरा लहान संगणक हवा असणारा मोठा ग्राहकवर्ग अस्तित्वात होता, परंतु त्याची गरज तोपर्यंत कोणाच्या हिशेबात आलेली नव्हती. एकट्या २००८ या वर्षात एसर, एचपी, डेल, लेनोव्हो आणि एमएसआय या कंपन्यांनी आपापली लहान यंत्रे बाजारात आणली, यावरून त्या गरजेची खोली समजून येते.

३. एका शब्दाचा अपकर्ष

या यंत्रांना मिळालेल्या नावाचा प्रवास उद्बोधक आहे. ‘नेटबुक’ हा शब्द २००८ मध्ये नव्याने घडविला गेला नव्हता. सायन या ब्रिटिश कंपनीने १९९९ मध्येच या नावाचे एक लहान यंत्र विकावयास काढले होते, आणि ते त्या काळच्या मानाने उंची किमतीचे होते. पुढे २००८ च्या आरंभी इंटेल कंपनीने हाच शब्द स्वस्त व लहान लॅपटॉपांच्या संपूर्ण वर्गासाठी योजला. सायनने त्याच वर्षाच्या अखेरीस आपल्या नोंदलेल्या व्यापारचिन्हाचा हक्क सांगून नोटिसा पाठविल्या. परंतु २००९ च्या जूनमध्ये तडजोड होऊन तिने तो हक्क सोडून दिला. तोवर विशेषनामाचे सामान्यनाम होऊन गेले होते, आणि लोकांच्या तोंडी बसलेला शब्द नोटिशीने परत घेता येत नाही.

अर्थविस्तारानंतर या शब्दाच्या वाट्यास अर्थापकर्षही आला. प्रारंभी ‘जालावर काम करण्यासाठी सोयीचे लहान यंत्र’ असा गुणवाचक असलेला त्याचा अर्थ दोनतीन वर्षांतच ‘कमी शक्तीचे, काटकसरीचे, कसेबसे चालणारे यंत्र’ असा झाला. उंची मालाचे उत्पादक या शब्दापासून दूर राहू लागले, त्याचे कारण हेच. सोनी कंपनीने २००९ च्या जानेवारीत आठ इंची पडद्याचे ‘व्हायो पी’ हे यंत्र सुमारे ९०० डॉलरांस विकावयास काढले, तेव्हा हे नेटबुक नव्हे, असे तिने आग्रहाने सांगितले आणि ‘लाइफस्टाइल पीसी’ असे निराळे नाव पुढे केले. परंतु शब्दाचा अर्थ उत्पादक ठरवीत नाही, वापरणारे ठरवितात. यंत्राच्या आत नेटबुकांच्या जातीचाच ॲटम प्रोसेसर असल्यामुळे परीक्षकांनी आणि ग्राहकांनी त्याची तुलना नेटबुकांशीच केली, आणि त्या तुलनेत ते केवळ महाग ठरले.

४. मर्यादा कोणी घातल्या?

नेटबुक दुर्बल का राहिले, याचे सोपे उत्तर ‘ते स्वस्त होते म्हणून’ असे दिले जाते. हे उत्तर अपुरे आहे. इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या सुट्या भागांच्या किमती वर्षागणिक उतरत जातात. त्यामुळे २००८ मध्ये ४०० डॉलरांस मिळणारे यंत्र २०१० मध्ये त्याच किमतीस बरेच अधिक समर्थ व्हावयास हवे होते. प्रत्यक्षात ते फारसे बदलले नाही. त्याचे कारण व्यापारी करारांत शोधावे लागते.

ई पीसीवर लिनक्स आल्यामुळे मायक्रोसॉफ्टपुढे अडचण उभी राहिली. तिची तेव्हाची नवी प्रणाली, विंडोज व्हिस्टा, अशा लहान यंत्रांना पेलण्यासारखी नव्हती, आणि जुन्या विंडोज एक्सपीची सर्वसाधारण विक्री २००८ च्या जूनअखेर बंद व्हावयाची होती. तेव्हा एप्रिल २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने केवळ स्वस्त लघुयंत्रांपुरती एक्सपीची मुदत वाढविली. या सवलतीला अटी होत्या. पडद्याचा आकार, मेमरी आणि साठवण ठराविक मर्यादेच्या आतच असली पाहिजे, असा त्यांचा आशय होता. मेमरीची मर्यादा एक गिगाबाइट होती. सवलतीच्या प्रणालीमुळे महाग प्रणालीची विक्री बुडू नये, हा या अटींचा उघड हेतू होता. विंडोज ७ आल्यावर, २००९ च्या ऑक्टोबरपासून, नेटबुकांसाठी ‘स्टार्टर’ ही आवृत्ती आली. तीत पडद्यामागील चित्र बदलण्याचीदेखील मुभा नव्हती. चित्र बदलू देण्याने यंत्राचा खर्च एका पैशानेही वाढत नाही. अर्थात ही उणीव काटकसरीतून आलेली नव्हती. वरची आवृत्ती घेण्याची इच्छा ग्राहकास व्हावी म्हणून ती योजून ठेवलेली होती. प्रोसेसरच्या बाबतीत इंटेलचे धोरणही याच वळणाचे होते. आपल्या महाग प्रोसेसरांच्या विक्रीला ॲटमने धक्का लावू नये म्हणून नेटबुक हे जालावरील मजकूर पाहण्याचे साधन आहे, खऱ्या कामाचे नव्हे, असे ती आवर्जून सांगत असे.

सारांश, नेटबुकच्या मर्यादा ग्राहकाच्या गरजेतून निघालेल्या नव्हत्या, आणि यंत्र जोडणाऱ्या उत्पादकानेही त्या ठरविलेल्या नव्हत्या. सुटे भाग व प्रणाली पुरविणाऱ्या दोन कंपन्यांनी आपला वरचा बाजार सुरक्षित राखण्यासाठी घातलेले ते कुंपण होते. त्या कुंपणाच्या आत शिरणाऱ्या प्रत्येक उत्पादकाचे यंत्र जवळजवळ सारखेच निघावे, यात नवल नाही.

५. मर्यादांची झळ : देवनागरीचे उदाहरण

दुसऱ्याने ठरविलेल्या मर्यादांची झळ कोणास लागते, हे मराठी वाचकाच्या अनुभवाच्या कक्षेतील एका उदाहरणाने स्पष्ट होईल. पहिल्या ई पीसीच्या पडद्यावर ८०० बिंदूंच्या ४८० ओळी होत्या. पुढील बहुसंख्य दहा इंची नेटबुकांवर १०२४ बिंदूंच्या ६०० ओळी असत. पडदा रुंद आणि बुटका, ही नेटबुकची खूण होती. रोमन लिपीतील मजकुरास हा बुटकेपणा एक वेळ चालतो. देवनागरीची घडण निराळी आहे. शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार, अक्षराखाली उकार आणि काही जोडाक्षरांचे पाय, अशी ती तीन मजल्यांची लिपी आहे. तिच्या एका ओळीस रोमन ओळीपेक्षा अधिक उंची लागते. ती दिली तर पडद्यावर थोड्याच ओळी मावतात, आणि न दिली तर रफार व अनुस्वार परस्परांत मिसळून वाचकास अंदाजाने वाचावे लागते.

यात विंडोज एक्सपीची आणखी एक अडचण भर घालीत असे. त्या प्रणालीत मराठीची सोय होती. परंतु तिच्या इंग्रजी आवृत्तीत भारतीय लिप्या नीट दिसण्यासाठी ती सोय स्वतंत्रपणे चालू करावी लागे, आणि त्या वेळी प्रणालीची मूळ सीडी घालण्याची सूचना सामान्यतः येत असे. नेटबुकमधून जे भाग प्रथम गाळले गेले त्यांत सीडी वाचण्याचे साधन होते! रोमन लिपीच्या वापरकर्त्याच्या दृष्टीने ही निरुपद्रवी काटछाट होती. मराठीत लिहू-वाचू इच्छिणाऱ्यास तीच पहिल्या दिवशी अडवीत असे.

याच्या उलट एक्सओचे उदाहरण ठेवून पाहावे. त्याची किंमत नेटबुकच्या निम्म्याने होती, तरी त्याच्या साडेसात इंची पडद्यावर, कृष्णधवल रीतीत, १२०० बिंदूंच्या ९०० ओळी उमटत आणि भर उन्हातही त्या वाचता येत. ज्या शाळेत छप्पर पुरेसे नाही तेथील मुलाने उघड्यावर बसून पुस्तक वाचावयाचे आहे, ही गरज डोळ्यांपुढे ठेवून तो पडदा मुद्दाम घडविला गेला होता. एक्सओचा प्रोसेसर मंद होता आणि योजनेतही पुष्कळ दोष होते. परंतु त्यात काय राखावयाचे हे वापरणाऱ्याकडे पाहून ठरले होते. स्वस्त वस्तू आणि हिणकस वस्तू यांतील भेद नेमका येथे आहे.

६. उतरलेले आणि न उतरलेले

उंची मालाच्या उत्पादकांनी या परिस्थितीत काय केले, ते आता पाहू. सोनीच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने २००८ च्या आरंभीच, ई पीसी यशस्वी झाल्यास साऱ्याच उत्पादकांची तळाकडे शर्यत सुरू होईल, असा इशारा दिला होता. त्याचे निदान चुकीचे नव्हते. परंतु पुढच्याच वर्षी सोनी स्वतः त्या शर्यतीत उतरली. प्रथम ‘व्हायो पी’, आणि त्याच वर्षी सुमारे ५०० डॉलरांचे ‘व्हायो डब्ल्यू’. या दुसऱ्या यंत्राचा पडदा इतरांहून चांगला होता आणि बाह्य रूप देखणे होते; परंतु आतील ॲटम प्रोसेसर, एक गिगाबाइट मेमरी आणि विंडोज एक्सपी ही सामग्री त्याहून बरेच स्वस्त असलेल्या कोणत्याही नेटबुकातही मिळत होती. नोकिया या भ्रमणध्वनीच्या क्षेत्रातील अग्रेसर कंपनीने २००९ मध्येच ‘बुकलेट थ्रीजी’ नावाचे ॲल्युमिनियमच्या घडणीचे सुंदर यंत्र काढले. त्याची बॅटरी दीर्घकाळ टिके आणि कोठेही मोबाइलच्या जाळ्यास जोडण्याची सोय त्यात होती. मात्र त्याच्याही आत तोच ॲटम आणि तीच एक गिगाबाइट मेमरी होती. त्यास पुढे वारस झाला नाही. सोनीने २०१४ मध्ये व्हायोचा संपूर्ण व्यवसायच विकून टाकला. त्यास इतर कारणेही होती, हे खरे. परंतु नेटबुकाने त्या व्यवसायाला आधार दिला नाही, एवढे निश्चित.

ॲपलने याच्या उलट मार्ग धरला. पाचशे डॉलरांत टाकाऊ न ठरणारा संगणक कसा करावा हे आपल्या कंपनीस ठाऊक नाही, अशा आशयाचे विधान स्टीव्ह जॉब्ज यांनी ऑक्टोबर २००८ मध्ये केले. त्या वेळी ते अनेकांस अहंकाराचे वाटले. परंतु २०१० च्या जानेवारीत त्याच कंपनीने आयपॅड हे साधन जाहीर केले, आणि त्याची आरंभीची किंमत ४९९ डॉलर होती. म्हणजे ॲपलने किंमत तीच ठेवली, वस्तू मात्र बदलली. नेटबुकात विंडोज संगणकाचे सारे अवयव आक्रसून ठेवलेले होते. आयपॅडमधून कळफलकच काढून टाकण्यात आला, अनेक खिडक्यांची सोय काढून टाकण्यात आली, आणि त्या बदल्यात उत्तम पडदा, दिवसभर पुरणारी बॅटरी आणि बोटाच्या स्पर्शास तत्काळ मिळणारा प्रतिसाद राखण्यात आला. हे शक्य झाले, कारण प्रणाली ॲपलची स्वतःची होती आणि ए-फोर हा प्रोसेसरही तिने आपल्या गरजेप्रमाणे घडविलेला होता. कोणा पुरवठादाराच्या अटी तिला आड येत नव्हत्या. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये तिने अकरा इंची मॅकबुक एअर ९९९ डॉलरांस काढला. त्यात नेटबुकचा लहान आकार होता, परंतु कळफलक पूर्ण मापाचा होता.

तथापि न उतरण्याचीही किंमत असते, आणि ती ॲपलने मोजली. आयपॅड वाचण्यास व पाहण्यास उत्तम असला तरी दीर्घ लेखन करणाऱ्या विद्यार्थ्याची गरज तो भागवीत नव्हता. ती जागा २०११ च्या जूनमध्ये आलेल्या क्रोमबुक यंत्रांनी घेतली. ही यंत्रे सॅमसंग व एसर यांनी बनविली, प्रणाली गूगलची होती. पुढील पाचसहा वर्षांत अमेरिकेतील शालेय खरेदीत क्रोमबुकांनी पहिले स्थान मिळविले. ज्या शाळांत एके काळी ॲपलचे संगणक अभिमानाने मांडलेले असत, त्याच शाळांत हा बदल घडला.

७. दोन दाखले

या ठिकाणी हार्वर्ड बिझनेस स्कूलचे क्लेटन क्रिस्टेन्सन यांनी १९९७ मध्ये ग्रंथरूपाने मांडलेल्या उपपत्तीचा विचार करणे अगत्याचे आहे. त्यांच्या मते, स्वस्त व निकृष्ट वस्तू प्रथम तळच्या ग्राहकास मिळते, हळूहळू सुधारते आणि शेवटी प्रस्थापितांस बाजारातून हुसकावून लावते. भंगारापासून पोलाद करणाऱ्या लहान गिरण्यांनी प्रथम सळ्यांचा हलका बाजार घेतला आणि मग पायरीपायरीने वरचा, हे त्यांचे गाजलेले उदाहरण होय. या उपपत्तीप्रमाणे पाहता प्रस्थापितांनी नेटबुकच्या बाजारात वेळीच उतरावयास हवे होते. परंतु उपपत्तीची एक पूर्वअट नेटबुकच्या बाबतीत पुरी होत नव्हती. पायरीपायरीने वर चढण्याची मोकळीक त्या वस्तूस असावी लागते. नेटबुकच्या डोक्यावर तर करारांचे छतच घातलेले होते. क्रोमबुकावर ते छत नव्हते, म्हणून ते टिकले. उपपत्ती खोटी ठरली असे यावरून होत नाही; ती कोठे लागू करावयाची याचा विवेक मात्र ठेवावा लागतो.

दुसरा दाखला घड्याळांचा आहे. जपानी क्वार्ट्‌झ घड्याळांनी स्विस उद्योग डबघाईस आणला असता, १९८३ मध्ये स्विस उत्पादकांनी ‘स्वॉच’ हे प्लॅस्टिकचे स्वस्त घड्याळ काढले. सुट्या भागांची संख्या त्यांनी ५१ वर आणली. ओमेगा व लाँजिन ही आपली उंची नावे त्यांनी या घड्याळास दिली नाहीत; तसेच प्लॅस्टिक लपविण्याचाही प्रयत्न केला नाही. घड्याळाचे अंतर्यंत्र मात्र त्यांच्याच कारखान्यात घडत होते. सोनी व नोकिया यांनी नेमके याच्या उलट केले. नाव आपले दिले, रूप उंची ठेवले आणि अंतर्यंत्र परक्याचे घेतले.

८. निष्कर्ष

यावरून मूळ प्रश्नाचे उत्तर सरळ ‘हो’ किंवा ‘नाही’ असे देता येत नाही. ते सशर्त द्यावे लागते. ज्या बाजारात वस्तूच्या मर्यादा पुरवठादार ठरवितो, तेथे उंची मालाच्या उत्पादकाने किमतीने स्पर्धा करणे हा आतबट्ट्याचा व्यवहार होय. तेथे त्याचे कौशल्य वापरण्यास जागाच नसते. परंतु त्या बाजाराने प्रकट केलेल्या गरजेकडे पाठ फिरविणे हेही तितकेच घातक असते. डेलने २०११ मध्ये आणि असूस व एसर यांनी २०१२ च्या अखेरीस नेटबुकांचा नाद सोडला. लहान, हलक्या आणि परवडणाऱ्या साधनाची गरज मात्र त्यांच्याबरोबर संपली नाही. निर्णायक भाग प्रथम आपल्या हाती घ्यावेत आणि मगच खाली उतरावे, हा क्रम इतिहासाने योग्य ठरविलेला दिसतो. ॲपलने २०२० मध्ये मॅक संगणकांसाठी स्वतःचा एम-वन प्रोसेसर आणला, आणि त्याच प्रोसेसरचा मॅकबुक एअर मार्च २०२४ पासून अमेरिकेतील वॉलमार्टच्या दुकानांत ६९९ डॉलरांस विकला जाऊ लागला. त्या यंत्रास कोणी नेटबुक म्हटले नाही.

अखेर हा प्रश्न केवळ उत्पादकांच्या नफातोट्याचा नाही. ज्या विद्यार्थ्यास एकच संगणक घेणे परवडते, त्याच्या दृष्टीने स्वस्त यंत्र हे घरातील दुसरे यंत्र नसते. तेच त्याचे ग्रंथालय, तीच त्याची वही आणि तोच त्याचा छापखाना असतो. त्यात काय राखले आणि काय गाळले, यावर त्याने कोणत्या भाषेत व किती सुखाने वाचावे-लिहावे हे ठरते. तेव्हा अशा यंत्राची परीक्षा करताना त्याची किंमत किती, एवढेच विचारून भागणार नाही. त्यातील उणिवा कोणाच्या सोयीसाठी ठेवल्या आहेत, हे प्रथम विचारले पाहिजे.